कायदेमंडळात नामदार गोखले

आपल्या देशाचे वार्षिक अंदाजपत्रक प्रतिवर्षी संसदेपुढे मांडले जाते, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्यावर अनेक दिवस चर्चा होते. खर्चाची मागणी लोकसभेने मान्य केल्यावाचून सरकारला तिजोरीतून पैसा काढता येत नाही, आणि लोकसभेच्या मान्यतेवाचून नवा करही बसवता येत नाही. हा अधिकार आज आपणांस इतका स्वाभाविक वाटतो, की तो नसताना लोकप्रतिनिधी काय करीत असतील असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु असा एक काळ होता, की जेव्हा हिंदुस्थानच्या कायदेमंडळात लोकपक्षाच्या सभासदाला अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलता येई. तो बोलून खाली बसला, की त्याचे काम संपले. मत देण्याचा अधिकार नाही, ठराव मांडण्याचा अधिकार नाही, एक पैसा कमी करण्याचाही अधिकार नाही. अशा कायदेमंडळात बसून एका पुणेकर शिक्षकाने तेरा वर्षे जे कार्य केले, त्याची हकीकत या पाठात सांगावयाची आहे. त्या शिक्षकाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. कायदेमंडळाच्या सभासदास त्या काळी ‘नामदार’ म्हणत, त्यामुळे ते ‘नामदार गोखले’ या नावाने सर्वांस परिचित झाले.

ते कायदेमंडळ कसे होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदे करण्याच्या कामासाठी जास्तीत जास्त सोळा जादा सभासद घेण्याची तरतूद झाली होती. त्यांतही सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत राहील, अशी दक्षता घेतलेली होती. मुंबई, मद्रास, बंगाल इत्यादी प्रांतांच्या कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनी आपल्यांतून एकेका गृहस्थाची शिफारस करावी आणि सरकारने त्याची नेमणूक करावी, एवढाच काय तो निवडणुकीचा अंश. सभासदांना प्रश्न विचारता येत. पण मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. हिवाळ्यात कौन्सिलाची बैठक कलकत्त्यास भरे, उन्हाळ्यात सिमल्यास. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय असत, आणि एखाद्या बिलास विरोध करावयाचा तर तो ज्यांच्या हाती सर्व सत्ता त्यांच्याच तोंडावर, आणि तोही परक्या भाषेत, करावा लागे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारल्यामुळे घरची स्थिती हलाखीची होती. थोरले बंधू गोविंदराव यांना पंधरा रुपयांची नोकरी लागली, आणि त्यांतून ते दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांवर गोपाळराव शिकले. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले व पुढे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ बसून त्यांनी अर्थशास्त्राचा व राज्यकारभाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले. दोन वर्षांनी सर फिरोजशहा मेहता यांनी प्रकृतीच्या कारणास्तव वरिष्ठ कौन्सिलातील जागा सोडली, आणि त्या जागी गोखले यांची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते.

अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी झाले. त्या दिवसाच्या आधी दोनच वर्षे देशात मोठा दुष्काळ पडून गेला होता. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा, असे दोन दुष्काळ लागोपाठ आले होते. त्यांतच प्लेगाची साथ सुरू होती. दख्खनमधील गुरेढोरे मेली होती, शेतकरी कर्जात बुडाला होता. आणि अशा वेळी सरकारच्या अंदाजपत्रकात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती! अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. खर्च भागून एवढा पैसा उरतो, त्याअर्थी देश सुखात आहे, असा त्यावरून सहज ग्रह होण्यासारखा होता.

गोखले यांनी या शिल्लकेचेच परीक्षण केले. ही शिल्लक कोठून आली, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर थोडे गणिताचे आहे. पण ते समजून घेतल्याखेरीज त्यांच्या भाषणाचे मर्म कळणार नाही, म्हणून येथे जरा थांबू.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी कर्जाचे व्याज, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च इत्यादी कारणांसाठी कोट्यवधी रुपये विलायतेस पाठवावे लागत. हा खर्च पौंडांत होई, आणि कर मात्र येथे रुपयांत गोळा होत. एका पौंडाचे पेन्स २४०. चांदी स्वस्त झाल्यामुळे १८९४-९५ च्या सुमारास रुपयाची किंमत तेरा पेन्सांपर्यंत उतरली होती. म्हणजे एक पौंड पाठवावयाचा तर सुमारे साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने मागील वर्षांत एकामागून एक कर वाढविले होते. पुढे सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी पाडून देणे बंद केल्यामुळे रुपया हळूहळू वर चढला आणि सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता त्याच एका पौंडास पंधरा रुपये पुरू लागले. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. वर्षाला दीड कोटी पौंड पाठवावयाचे असे धरले, तरी ही बचत पाच कोटी रुपयांच्या वर जाते. तेव्हा शिल्लक पडली ती लोक श्रीमंत झाले म्हणून नव्हे. ज्या अडचणीसाठी कर वाढविले ती अडचण गेली, पण कर तसेच राहिले, हे त्या शिल्लकेचे खरे कारण.

एवढे दाखवून गोखले म्हणाले, की अशी शिल्लक हा प्रजेवर दुहेरी अन्याय आहे. हलाखीच्या दिवसांत जरुरीपेक्षा अधिक पैसा लोकांकडून घेतला जातो, हा पहिला अन्याय. आणि त्या शिल्लकेकडे बोट दाखवून लोक भरभराटीत आहेत असे जगास सांगता येते, हा दुसरा. याहून मर्मभेदी टीका क्वचितच कोणी केली असेल. पण तीत एकही कठोर शब्द नव्हता. जे आकडे सरकारने स्वतः छापले होते तेच त्यांनी सरकारपुढे ठेवले होते. त्या एका भाषणाने गोखले यांची कीर्ती सर्व देशभर पसरली.

या भाषणामागे केवढे परिश्रम होते, हेही सांगितले पाहिजे. सोलापूरच्या हायस्कुलाचे एकेकाळचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हिशेबांचे गाढे अभ्यासक होते. सरकारी अहवालांतील रुक्ष कोष्टके त्यांच्याइतक्या बारकाईने वाचणारा दुसरा गृहस्थ त्या वेळी महाराष्ट्रात नसावा. गोखले त्यांच्याकडे आकडे पाठवीत, शंका विचारीत, आणि जोशी लांबलचक टिपणे लिहून देत. १९११ मध्ये जोशी वारले तोपर्यंत हा क्रम चालू होता. कलकत्त्याच्या दरबारी दालनात जे बोलले जाई, त्याची कितीतरी पूर्वतयारी अशी एका शाळामास्तराच्या टेबलावर होत असे. ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्यातील हे एक नाव आता फारसे कोणास ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

त्या भाषणात गोखले यांनी नुसती टीका केली नाही. तीन गोष्टी मागितल्या. मिठावरील कर मणामागे निदान आठ आण्यांनी कमी करावा. वर्षास पाचशे रुपये मिळविणाऱ्या कारकुनापासून प्राप्तीवरील कर घेतला जातो, तो हजार रुपयांच्या आतील उत्पन्नास माफ करावा. आणि देशी गिरण्यांच्या कापडावर जी साडेतीन टक्के जकात बसविली आहे ती उठवावी. ही तिसरी जकात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून १८९६ मध्ये बसविली होती. जगातील कोणतेही सरकार आपल्याच देशातील धंद्यावर असा भार घालीत नसेल.

यांपैकी मिठाचा प्रश्न त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. श्रीमंताच्या ताटात तूप असते, साखर असते. गरिबाच्या भाकरीबरोबर मीठ असते. दोघांच्याही पोटात मीठ जवळजवळ सारखेच जाते, त्यामुळे मिठावरचा कर हा असा कर आहे की जो मजुराकडून सावकाराइतकाच घेतला जातो. शिवाय गुरांनाही मीठ लागते. १८८८ मध्ये हा कर मणामागे दोन रुपयांचा अडीच रुपये करण्यात आला होता. त्या वाढीने लोकांना मिठाच्या वापरातही हात आखडावा लागला, ही गोष्ट गोखले आकडेवारीनिशी वारंवार पुढे मांडीत राहिले.

मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाचे म्हणणे सरकार का ऐकेल, असे तुम्हांस वाटेल. पण १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि हजार रुपयांच्या आतील उत्पन्नावरचा कर माफ झाला. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. कर उतरताच मिठाचा खप वाढू लागला, आणि गोखले जे सांगत होते त्याचा पुरावा आपोआप पुढे आला. हे सारे एकट्या गोखले यांच्या भाषणांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तिजोरीत पैसा होता आणि देशात असंतोष होता, हीही कारणे होती. तथापि, त्यांनी प्रश्न ज्या रीतीने मांडला, त्यानंतर सरकारला तो टाळणे कठीण झाले, हे खरे. कापडावरील जकात मात्र उठली नाही. ती १९२५ च्या अखेरीस तहकूब झाली आणि १९२६ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत गोखले यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

लष्करावरील वाढता खर्च, वरिष्ठ नोकऱ्यांत हिंदी लोकांना मज्जाव, पाटबंधाऱ्यांकडे दुर्लक्ष असे विषय ते प्रत्येक वर्षी घेत. लॉर्ड कर्झन यांनी १९०४ मध्ये विश्वविद्यालयांचा कायदा केला, तेव्हा या संस्था सरकारच्या मुठीत जातील म्हणून त्यांनी त्यास निकराने विरोध केला. १९०७ मध्ये सभाबंदीचा कायदा आला, त्यासही त्यांनी विरोध केला. दोन्ही बिले सरकारी मतांच्या जोरावर मंजूर झाली.

बोलूनही हार, न बोलले तरी हार. मग बोलावयाचे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर गोखले यांना तरुणपणीच मिळाले होते. सार्वजनिक सभेच्या वतीने रानडे सरकारकडे लांबलचक अर्ज पाठवीत, आणि सरकार त्यांची पोचही धडपणे देत नसे. त्या मेहनतीचा उपयोग काय, असे गोखले यांनी त्यांस विचारले, तेव्हा रानडे यांनी सांगितले, की हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात. वस्तुतः ते आपल्या लोकांसाठी असतात, कारण अशा विषयांचा विचार कसा करावा हे लोकांनी अद्याप शिकावयाचे आहे. गोखले यांची कौन्सिलातील भाषणे वाचताना हे उत्तर ध्यानात ठेवावे. ती भाषणे वर्तमानपत्रांत छापून येत, आणि कर म्हणजे काय, शिल्लक म्हणजे काय, लष्करावर किती खर्च होतो, हे गावोगावचे सुशिक्षित लोक त्यांतून शिकत.

१९०९ च्या सुधारणांनी कौन्सिल मोठे झाले. जादा सभासदांची मर्यादा साठावर गेली. सरकारचे बहुमत कायम राहिले. पण सभासदांना सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडण्याचा व त्यावर मते घेण्याचा हक्क मिळाला. त्या नव्या हक्काचा गोखले यांनी प्रथम उपयोग केला तो समुद्रापलीकडील हिंदी मजुरांसाठी.

१८३४ पासून हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर मॉरिशस, वेस्ट इंडीज, फिजी इत्यादी वसाहतींतील उसाच्या मळ्यांवर नेले जात. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये त्यांची पहिली तुकडी १८६० मध्ये उतरली. इंग्रजी ‘अॅग्रिमेंट’ या शब्दाचे त्यांनी आपल्या तोंडी ‘गिरमिट’ केले. अंगठा उठविणाऱ्या बहुतेकांना आपण कोठे जात आहो याची कल्पना नसे. एकदा गिरमिटात सापडलेल्या मजुराला मालक बदलता येत नसे. कामावर न गेल्यास तो फौजदारी गुन्हा ठरे व तुरुंगवास घडे. आणि पाच वर्षे संपवून जो नाताळमध्येच राहू इच्छील, त्याच्यावर वर्षास तीन पौंड, म्हणजे पंचेचाळीस रुपये, कर बसविण्यात आला होता. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही तो वेगळा द्यावा लागे. गांधीजी त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत लढत होते. गोखले यांस ते आपले राजकीय गुरू मानीत, आणि तिकडील परिस्थिती त्यांना सविस्तर कळवीत असत.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी कौन्सिलात ठराव मांडला, की नाताळसाठी मजुरांची भरती बंद करावी. सरकारने तो स्वीकारला, आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडे मजूर नेण्यास मनाई झाली. दोन वर्षांनी, ४ मार्च १९१२ रोजी, त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ही पद्धतच समूळ नष्ट करावी असा ठराव त्यांनी आणला. हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने विरोध केला आणि ठराव नामंजूर झाला. पुढे १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा मांडला, तेव्हा लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारला तो मान्य करावा लागला. १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील शेवटचे गिरमिटिये मुक्त झाले.

त्याच १९१० साली वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारे बिल आले. त्यास गोखले यांनी विरोध केला नाही. देशातील दहशतवादी कृत्यांमुळे सुधारणांनाच धोका पोहोचेल असे त्यांना वाटत होते. त्यांच्या या वागण्यावर त्या वेळी कडक टीका झाली, आणि माझ्या मते ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. त्या कायद्याखाली पुढे किती देशी वृत्तपत्रांकडून जामीन घेतले गेले, हे पाहता येथे त्यांच्या सावधपणाने त्यांस फसविले असे म्हणावे लागते.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रयत्नाकडे वळू. तो तुमच्याच वयाच्या मुलांसाठी होता.

१९१० मध्ये हिंदुस्थानात प्राथमिक शाळांत शिकणाऱ्या मुलांचे एकंदर लोकसंख्येशी प्रमाण शेकडा १·९ होते. जपानात ते अकराहून अधिक होते, आणि जपानने शाळांचा नवा कायदा केला तो १८७२ मध्ये, म्हणजे अवघ्या अडतीस वर्षांपूर्वी. इंग्लंडनेही १८७० नंतरच हे कार्य हाती घेतले. तेथे सक्ती आली १८८० मध्ये. आपल्याच देशात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. एका संस्थानिकास जे साधले, ते बलाढ्य ब्रिटिश सरकारास का साधू नये? १८ मार्च १९१० रोजी गोखले यांनी या विषयावर ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःचे बिलच कौन्सिलास सादर केले.

हे बिल मोठ्या धोरणाने तयार केलेले होते. सबंध देशात एकदम सक्ती करा, असे त्यात कोठेच म्हटलेले नव्हते. ज्या नगरपालिकेस किंवा लोकलबोर्डास इच्छा असेल तिने सरकारच्या परवानगीने आपल्या हद्दीत सक्ती सुरू करावी, आणि तीसुद्धा जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील अशाच ठिकाणी. हे प्रमाण शेकडा तेहतीस असावे, असे त्यांनी सुचविले होते. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींना ती पुढे लागू करता येईल अशी सोय ठेवली होती. ज्या बापाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी असेल त्याच्या मुलाकडून फी घ्यावयाची नाही. मूल आजारी असेल, घरी अडचण असेल, पेरणी-कापणीचा हंगाम असेल, तर सवलत. खर्चाचे दोन भाग सरकारने सोसावे, एक भाग स्थानिक संस्थेने, आणि त्यासाठी तिला शिक्षणपट्टी बसविता यावी. शेतकऱ्याच्या घरी सुगीत मुलाचे हात लागतात हे ज्याला ठाऊक होते, अशा माणसाने लिहिलेले हे कलम आहे, हे वाचताक्षणीच ध्यानात येते. मुलींचा प्रश्न त्यांनी मागे ठेवला, ही गोष्ट आज आपणांस खटकते. पण अधिक मागितले असते तर बिल पहिल्याच पायरीवर अडखळले असते, हा त्यांचा हिशेब होता.

बिल लोकमतासाठी सर्व प्रांतांत फिरविण्यात आले. गोखले यांनी वर्षभर त्यासाठी प्रवास केला व व्याख्याने दिली. पैसा कोठून आणावयाचा या आक्षेपास त्यांनी अनेक उत्तरे दिली. त्यांतील एक उत्तर फार बोलके आहे. दुसरा मार्गच नसेल, तर मिठाचा कर आठ आण्यांनी वाढवावा, पण मुलांना शिकवावे, येथपर्यंत ते गेले. लोकांनी मीठ थोडे कमी खाणे हे मुलांनी अज्ञानात वाढण्यापेक्षा लहान संकट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने तोच कर उतरविण्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, त्याच्या तोंडचे हे शब्द आहेत.

१८ व १९ मार्च १९१२ असे दोन दिवस त्या बिलावर वादविवाद झाला. बिल चिकित्सा समितीकडे पाठवावे, एवढीच गोखले यांची मागणी होती. शिक्षणखात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत. लोकांची मागणी नाही. खुषीच्या मार्गाने अजून पुष्कळ शाळा काढता येतील. तयार शिक्षक नाहीत. पैसा नाही, असे आक्षेप होते. खेदाची गोष्ट ही, की विरोध करणाऱ्यांत काही हिंदी सभासदही होते. मजुरांची मुले शिकली तर शेतात राबावयास कोण येणार, ही धास्ती जमीनदारवर्गात होती. ती सभ्य भाषेत गुंडाळून पुढे येत होती. मालवीय, जिना इत्यादींनी बिलास पाठिंबा दिला. गोखले यांनी समारोपाच्या भाषणात एकेक आक्षेप घेऊन त्याची वासलात लावली. बिल आज फेटाळले जाणार हे आपणांस ठाऊक आहे, पण त्याबद्दल आपली तक्रार नाही व आपण खचूनही जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या पिढीच्या वाट्यास अपयशानेच देशाची सेवा करणे आले आहे. यशाने सेवा करणारे स्त्रीपुरुष पुढे येतील, असा त्यांच्या शेवटच्या शब्दांचा आशय होता. नंतर मते घेण्यात आली. बिलाच्या बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

मते मोजून झाली तरी विषय संपला नव्हता. सरकार शिक्षणासाठी काहीच करीत नाही, हा आरोप टाळण्यासाठी आता त्यालाच हालचाल करणे भाग होते. १९१० मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निघाले होते. १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी दरसाल पन्नास लाख रुपये अधिक देण्याचे जाहीर झाले होते. गोखले यांची प्रकृती मात्र मधुमेहाने ढासळत चालली होती. १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले, शेवटपर्यंत कौन्सिलाचे काम करीत राहिले, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे वारले. त्या वेळी त्यांना एकूणपन्नासावे वर्ष होते.

तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात एक बिल मंजूर करून घेतले. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा त्याने मिळाली. त्यातील मूळ कल्पना गोखले यांच्या बिलाचीच होती. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे धोरण राज्यापुढे ठेवले. ती मुदत टळून गेली. २००२ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांची सर्व मुले व मुली त्यात येतात. तेरा विरुद्ध अडतीस या मतदानापासून हा दिवस येईपर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षे गेली.